हॉर्न गेला, एअरबॅगचा दिवा लागला : माझा अनुभव

खंबाटकी घाट उतरताना हॉर्न वाजेना झाला आणि मीटरवर एअरबॅगचा दिवा जो पेटला तो साताऱ्यात येईपर्यंत विझलाच नाही. पहिला गॅरेजवाला म्हणतो, चालतंय की दादा, दिवा बंद करून देतो. अरे पण दिवा पेटलाय म्हंजे धडकेत बॅग उघडेल याची गॅरंटी नाही, नुसता दिवा मारून काय करायचंय?

दोन्ही एकदम गेलं हीच खरी खूण. स्टेअरिंगच्या आत क्लॉक स्प्रिंग असते, गुंडाळलेली चपटी वायर, स्टेअरिंग कसंही फिरलं तरी हॉर्नचं आणि ड्रायव्हरच्या बॅगचं कनेक्शन तिच्यातूनच, ती तुटली की दोन्ही ठप्प. पोवई नाक्याकडं एका मेकॅनिकनं स्कॅनर, म्हंजे गाडीतला बिघाड वाचणारं यंत्र, लावला, ड्रायव्हर बॅगचा रेझिस्टन्स जास्त, म्हंजे कनेक्शन कुठंतरी तुटलंय, असा कोड आला. मग त्यानं आधी बॅटरीची मायनस वायर काढली आणि थोडा वेळ थांबला, कारण एअरबॅगच्या कपॅसिटरमध्ये (करंट साठवणारा पार्ट) चार्ज राहतो, आणि काढलेली बॅग कव्हर वर करून ठेवली. नवी स्प्रिंग बसवताना पुढची चाकं सरळ आणि स्प्रिंग सेंटरला पाहिजे, नाहीतर पूर्ण वळवलं की परत तुटते. आणि बॅगला मल्टीमीटर अजिबात लावू नका, तेवढ्या करंटनंही उडू शकते.

हॉर्न चालू असून दिवा लागला तर सीटखालचा पिवळा कनेक्टर बघायला सांगा, पोरं तिथं दप्तरं कोंबतात, तो ढिला होतो.

मागचा सीटबेल्टही परत आत जात नव्हता, मळानं नुसता चिकट. पूर्ण ओढून क्लिप लावली, साबणाच्या कोमट पाण्यानं पुसला, सावलीत वाळवला, आता सटकन जातो.