मायकेल समावेशनासाठी उत्प्रेरक कसा निवडावा आणि तो कसा पारखावा

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मायकेल अभिक्रिया (एका रेणूतील कार्बन दुसऱ्या रेणूच्या दुहेरी बंधावर जोडणारे समावेशन) घेणारे विद्यार्थी बहुतेक वेळा आधी उत्प्रेरक ठरवतात आणि मग त्याला जुळतील असे अभिकारक शोधत बसतात. हा क्रम बदलावा, असे मला अनेक वर्षे प्रयोगशाळेत शिकवल्यानंतर ठामपणे वाटते. आधी दाता (जो रेणू हल्ला करणारा कार्बन देतो तो) पाहावा, मग ग्राही (ज्याच्या दुहेरी बंधावर हल्ला होतो तो) पाहावा आणि त्या दोघांचे काम भागवणारा सर्वांत सौम्य उत्प्रेरक निवडावा. परभणी, नांदेड, लातूर, बीड अशा ठिकाणच्या महाविद्यालयांत जी साधने हाताशी असतात, त्यांवर हे काम उत्तम होऊ शकते. म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे.

रसायनशास्त्रज्ञ आर्थर मायकेल यांनी १८८७ मध्ये सोडियम इथॉक्साइडच्या साहाय्याने डायइथिल मॅलोनेट आणि इथिल सिनॅमेट यांच्यात नवा कार्बन-कार्बन बंध घडवला. दात्यामधील दोन कार्बोनिल गटांच्या मध्ये असलेला हायड्रोजन आम्लारी काढून घेते, तयार झालेला कार्बॲनायन (ऋणभारित कार्बन) ग्राहीच्या संयुग्मित दुहेरी बंधाच्या टोकाकडील कार्बनवर हल्ला करतो आणि शेवटी प्रोटॉन मिळून उत्पादित तयार होते. या शेवटच्या पायरीकडे सहसा दुर्लक्ष होते, पण उत्प्रेरकाचे सारे मर्म तिथेच आहे. ग्राही कीटोन असेल, तर समावेशनानंतर तयार होणारा एनोलेट (कीटोनचा ऋणभारित आयन) हा मॅलोनेटच्या कार्बॲनायनापेक्षा पुष्कळ प्रबळ आम्लारी असतो, त्यामुळे तो मॅलोनेटच्या नव्या रेणूकडून प्रोटॉन घेतो आणि पुढचा कार्बॲनायन आपोआप तयार करून देतो. चक्र असे स्वतःच चालत असल्याने आम्लारी दात्याइतकी घालण्याची गरज उरत नाही. ग्राहीच्या १० किंवा २० मोल टक्के (म्हणजे ग्राहीच्या दर १०० रेणूंमागे १० किंवा २०) पुरतात आणि कित्येकदा त्याहूनही कमी पुरतात.

आता दात्याचे पीकेए मूल्य पाहावे. हे मूल्य जितके कमी, तितका प्रोटॉन सहज सुटतो. पाण्यातील मोजपट्टीवर ॲसिटिलॲसिटोन सुमारे ९, नायट्रोमिथेन सुमारे १०, इथिल ॲसिटोॲसिटेट सुमारे ११, डायइथिल मॅलोनेट सुमारे १३ आणि साधा ॲसिटोन १९ ते २० च्या आसपास येतो. ट्रायइथिलअमीनच्या संयुग्मी आम्लाचे मूल्य सुमारे १०.७ आहे, तर इथेनॉलचे सुमारे १६. हे आकडे शेजारी ठेवले की निवड बरीचशी स्पष्ट होते. ॲसिटिलॲसिटोनला ट्रायइथिलअमीन पुरते. मॅलोनेटला पोटॅशियम कार्बोनेट चालते, मात्र ते द्रावकात नीट विरघळत नसल्याने सोबत प्रावस्था-स्थानांतरण उत्प्रेरक (आयनांना सेंद्रिय द्रावकात नेणारे लवण) लागतो, किंवा मग डीबीयूसारखी अधिक प्रबळ सेंद्रिय आम्लारी वापरावी लागते. साध्या कीटोनसाठी मात्र या वाटेने जाऊच नये. तिथे कीटोनपासून सिलिल इनॉल ईथर बनवून टायटॅनियम टेट्राक्लोराइडसारख्या लुईस आम्लाची (इलेक्ट्रॉन-जोडी स्वीकारणाऱ्या संयुगाची) मदत घेण्याचा रसायनशास्त्रज्ञ मुकाइयामा यांचा मार्ग आहे, किंवा प्रोलीनसारख्या अमीनने इनामीन (दुहेरी बंधाला अमीन जोडलेले मध्यस्थ संयुग) बनवण्याचा मार्ग आहे.

प्रबळ आम्लारी घातली की काम लवकर उरकेल, हा समज मनातून काढून टाकावा. मायकेल समावेशन उलटे फिरू शकते. प्रबळ आम्लारी आणि उष्णता मिळाली की तयार झालेले उत्पादित पुन्हा मूळ अभिकारकांत मोडते. मॅलोनेटमध्ये दुसराही हायड्रोजन असल्याने दुहेरी समावेशन होऊ शकते. पाण्यातील सोडियम हायड्रॉक्साइडने एस्टर गटाचे जलापघटन होते, आणि इथिल एस्टरवर सोडियम मिथॉक्साइड वापरल्यास इथिल-मिथिल असे मिश्रण हाती येते, म्हणून अल्कॉक्साइड वापरायचेच असेल तर ते एस्टरच्याच अल्कोहोलचे असावे. बीटा-नायट्रोस्टायरीन तर प्रबळ आम्लारीत सरळ बहुलकात जाते आणि फ्लास्कच्या तळाशी चिकट गोळा उरतो. तथापि प्रबळ आम्लारी हवीच, अशीही उदाहरणे आहेत. मेसिटिल ऑक्साइड आणि डायइथिल मॅलोनेट यांपासून डायमिडोन बनवताना समावेशनानंतर लगेच क्लेझेन प्रकाराने (एस्टर गटावर कार्बॲनायनाच्या हल्ल्याने) वलय मिटावे लागते, आणि तिथे सोडियम इथॉक्साइड पूर्ण प्रमाणात घालणेच योग्य ठरते.

एक अभिक्रिया जवळून पाहू, कारण तिच्यात बहुतेक अडचणी एकाच ठिकाणी भेटतात: चाल्कोन आणि डायइथिल मॅलोनेट.

चाल्कोन बेंझाल्डिहाइड आणि ॲसिटोफिनोन यांपासून सोडियम हायड्रॉक्साइड वापरून प्रयोगशाळेतच बनवतात, आणि पहिली चूक इथेच होते. गाळलेले चाल्कोन पुरेसे धुतले नाही, तर त्यात सोडियम हायड्रॉक्साइडचा अंश राहतो आणि पुढे तोच गुपचूप उत्प्रेरकाचे काम करतो. म्हणून धुण्याचे पाणी लिटमसला उदासीन येईपर्यंत धुवावे, मग इथेनॉलमधून पुन्हा स्फटिकीकरण करावे आणि द्रवणांक ५५ ते ५७ अंश सेल्सिअस आला तरच पुढे जावे. जुन्या बाटलीतील बेंझाल्डिहाइड हवेने बेंझॉइक आम्लात बदललेले असते. ते ऊर्ध्वपातन करून घ्यावे.

पोटॅशियम कार्बोनेट खलात बारीक वाटून ओव्हनमध्ये १२० ते १५० अंशांवर दोन तास तापवावे आणि डेसिकेटरमध्ये थंड करावे. पावसाळ्यात उघड्या डब्यातील कार्बोनेटचे ढेकूळ होते आणि मग वजन कार्बोनेटचे केले की ओलाव्याचे, हे कळत नाही. राउंड बॉटम फ्लास्कमध्ये १.०४ ग्रॅम चाल्कोन, म्हणजे ५ मिलीमोल, ०.९६ ग्रॅम डायइथिल मॅलोनेट, म्हणजे ६ मिलीमोल, ०.१४ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि ०.१६ ग्रॅम टेट्राब्युटिल अमोनियम ब्रोमाइड (हाच प्रावस्था-स्थानांतरण उत्प्रेरक) घेऊन ५ मिलिलीटर टोल्युइनमध्ये फ्यूम हुडखाली ५० अंशांच्या ऑइल बाथवर जोराने ढवळावे. ढवळणे इथे दुय्यम नाही, कारण अभिक्रिया घन कार्बोनेटच्या पृष्ठभागावर सुरू होते आणि संथ फिरणाऱ्या स्टिररने ती अर्ध्यावर रेंगाळते. टोल्युइन १११ अंशांना उकळत असल्याने ५० अंशांवर वाहत्या पाण्याचा कंडेन्सर लागत नाही, साधा एअर कंडेन्सर चालतो. २०१६ मध्ये ज्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागात सौम्य तापमानावर काम करणारा उत्प्रेरक निवडणे हा केवळ रसायनाचा प्रश्न राहत नाही. रिफ्लक्स (द्रावक उकळत ठेवून वाफ परत थंड करणे) करणे भागच असेल, तर बादलीत बर्फाचे पाणी आणि कूलरचा छोटा पंप ठेवून तेच पाणी फिरते ठेवावे. बोअरच्या जड पाण्याने कंडेन्सरमध्ये बसणारा क्षारांचा पांढरा थरही त्यामुळे टळतो.

दर अर्ध्या तासाने टीएलसी (पातळ थरावर घटक वेगळे करून पाहण्याची चाचणी) घ्यावी. हेक्झेन आणि इथिल ॲसिटेट ८ : २ प्रमाणात घेतल्यास चाल्कोनचा ठिपका वर आणि उत्पादिताचा खाली दिसतो. डायइथिल मॅलोनेट अतिनील दिव्याखाली दिसत नाही, त्यासाठी आयोडीनची बरणी लागते. चाल्कोन संपल्यावर घन पदार्थ गाळून इथिल ॲसिटेटने धुवावा, गाळलेले द्रावण दोनदा पाण्याने आणि एकदा मिठाच्या संपृक्त द्रावणाने धुवून निर्जल सोडियम सल्फेटवर वाळवावे आणि द्रावक काढून टाकावा. उरलेले उत्पादित इथेनॉलमधून स्फटिकरूपात घ्यावे. मॅलोनेट १.२ पटीहून अधिक घेऊ नये असे मी सांगतो, कारण त्याचा उत्कलनांक १९९ अंश आहे, रोटाव्हेपोरेटरवर ते सहज जात नाही आणि प्रोटॉन एनएमआरमध्ये ३.३६ जवळचे त्याचे एकेरी शिखर मागे राहते. उत्पादिताची ओळख सोपी आहे. चाल्कोनच्या दुहेरी बंधाची सुमारे १६ हर्ट्झची जोडी नाहीशी होते, ३.८ जवळ मॅलोनेटच्या एका हायड्रोजनचे दुहेरी शिखर येते आणि दोन इथिल गट १.० व १.२४ जवळ वेगवेगळे दिसतात. शेजारी कायरल केंद्र तयार झाल्यामुळे ते दोन गट एकसारखे राहत नाहीत, आणि हे पहिल्यांदा स्वतःच्या वर्णपटात पाहताना विद्यार्थ्याचा चेहरा उजळतो.

तापमानाविषयी एक अनुभव सांगितलाच पाहिजे. हीच अभिक्रिया एका विद्यार्थिनीने मे महिन्यात ऑइल बाथ न लावता केली, ती तीन तासांत संपली आणि तिने वहीत ‘खोलीचे तापमान’ एवढेच लिहिले. डिसेंबरात तिने तीच पुन्हा केली, तर रात्रभर ढवळूनही चाल्कोनचा ठिपका टीएलसीवर ठळक होता. उत्प्रेरक बदलला नव्हता, बाटलीही तीच होती. मे महिन्यात आमच्या प्रयोगशाळेत दुपारी ४१ अंश होते आणि डिसेंबरच्या सकाळी १७. तापमान १० अंशांनी वाढल्यास वेग साधारण दुप्पट होतो हा ढोबळ नियम धरला, तर या फरकाने वेग पाचपट बदलतो. मराठवाड्यात ‘खोलीचे तापमान’ हा शब्द वहीत लिहूच नये. थर्मामीटर फ्लास्कजवळ धरावा आणि आकडा लिहावा.

उत्प्रेरकाची खरी पारख कोऱ्या चाचणीत होते. चार छोट्या कुप्या घ्याव्यात: एकीत काहीच उत्प्रेरक नको, दुसरीत फक्त कार्बोनेट, तिसरीत फक्त अमोनियम लवण आणि चौथीत दोन्ही. चारही एकाच बाथमध्ये, एकाच वेळी ढवळाव्यात. पहिली कुपीही पुढे सरकत असेल, तर चाल्कोन नीट धुतलेले नाही किंवा काचेला आम्लारी चिकटली आहे. हायड्रोटाल्साइट किंवा ॲल्युमिनावर बसवलेले पोटॅशियम फ्लोराइड यांसारखा घन उत्प्रेरक पुन्हा वापरता येतो असा दावा करायचा असेल, तर अभिक्रिया निम्म्यावर असताना मिश्रण गरम असतानाच गाळावे आणि गाळलेले द्रावण पुढे ढवळत ठेवावे. ते पुढे सरकले, तर उत्प्रेरक द्रावणात झिरपला आहे. पुनर्वापराची तुलना अंतिम उताऱ्यावरून (शेवटी मिळालेल्या उत्पादिताच्या टक्केवारीवरून) करू नये, कारण पुरेसा वेळ दिल्यास दमलेला उत्प्रेरकही ९० टक्क्यांपर्यंत पोहोचतो. ती पहिल्या तासातील प्रगतीवरून करावी.

आम्लारी अजिबात चालत नसेल अशा बीटा-किटोएस्टरसाठी फेरिक क्लोराइड हेक्साहायड्रेट हा स्वस्त मार्ग आहे. रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टॉफर्स यांनी १९९७ मध्ये दाखवल्याप्रमाणे ते अगदी थोड्या प्रमाणात, द्रावकाविना, उदासीन परिस्थितीत काम करते. ग्राही मिथिल व्हिनिल कीटोन असेल, तर तो अत्यंत विषारी आणि डोळ्यांना झोंबणारा असल्याने फ्यूम हुड आणि हातमोजे यांशिवाय बाटली उघडू नये.

एकाच प्रतिबिंब रूपाचे उत्पादित हवे असल्यास कायरल (आरशातील प्रतिमेशी न जुळणारा) उत्प्रेरक लागतो. मॅलोनेट आणि नायट्रोस्टायरीन यांसाठी रसायनशास्त्रज्ञ ताकेमोतो यांचा २००३ मधील थायोयुरिया उत्तम उदाहरण आहे: त्यातील थायोयुरिया नायट्रो गटाला हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतो आणि त्याच रेणूतील तृतीयक अमीन मॅलोनेटचा प्रोटॉन घेते. म्हणून तिथे टोल्युइन वापरावे. मिथेनॉल स्वतःच हायड्रोजन बंध करून ही पकड सैल करते. मात्र कायरल एचपीएलसीची (दोन प्रतिबिंब रूपे वेगळी मोजणाऱ्या उपकरणाची) सोय आधी पाहून ठेवावी, नमुना कुठे पाठवायचा ते ठरवावे, आणि तुलनेसाठी तेच उत्पादित ट्रायइथिलअमीनने रेसिमिक (दोन्ही प्रतिबिंब रूपे समप्रमाणात) स्वरूपात बनवून नमुन्यासोबत वेगळ्या कुपीत पाठवावे.