रंग आला नाही म्हणून ‘निगेटिव्ह’ लिहू नका

जानेवारी उजाडला, एमएस्सीच्या प्रोजेक्टची धावपळ सुरू झाली की आमच्या प्रयोगशाळेत एक वाक्य हमखास कानावर पडतं: "सर, रंगच येईना बघा." पाच मिनिटांनी जाऊन बघावं तर जर्नलमध्ये वजाचं चिन्ह पडलेलंसुद्धा असतं.

विषय बहुतेकांचा ठरलेला. काळ्या रानातले नाहीतर बोअरच्या पाण्यातले नायट्रोजनची उलाढाल करणारे जिवाणू. सोयाबीन, तूर, युरिया आणि बोअर यांतलं काही ना काही मराठवाड्यात प्रत्येकाच्या घरी असतं, त्यामुळे पोरांना विषय जवळचा वाटतो. ते चांगलंच आहे. चुका मात्र वीस वर्षं त्याच बघतोय.

पहिली आणि माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे नायट्रेट रिडक्शन टेस्ट, म्हणजे जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट वगैरे करतो का ते बघायची चाचणी, अर्ध्यात सोडणं. सल्फानिलिक ॲसिड आणि अल्फा नॅफ्थिलअमाइन टाकल्यावर येणारा लाल रंग फक्त नायट्राइट असल्याचं सांगतो. तो नायट्रेटबद्दल काही बोलत नाही, जिवाणूबद्दल तर नाहीच. रंग आला नाही याचे दोन अगदी उलटे अर्थ निघतात. एक, जिवाणूनं नायट्रेटला हातच लावला नाही. दोन, त्यानं नायट्रेटचं नायट्राइट केलं, तेही संपवलं आणि पार वायू किंवा अमोनियापर्यंत नेलं. म्हणजे एक आळशी आणि एक सगळ्यात कामसू, नळीत मात्र दोघं सारखेच दिसतात. त्यांना वेगळं करायला झिंकची भुकटी असते. नायट्रेट शिल्लक असेल तर झिंक त्याचं नायट्राइट करतं आणि नळी लाल होते, तेव्हा खरं निगेटिव्ह. झिंक टाकूनही रंग नाही, तर नायट्रेट उरलेलंच नाही. म्हणजे टेस्ट पॉझिटिव्ह.

हे पुस्तकात असतं, व्हायवात पाठ म्हणून दाखवतात, आणि टेबलावर विसरतात.

लातूरकडची एक विद्यार्थिनी होती. ऑगस्टमध्ये पाणी तुंबलेल्या सोयाबीनच्या रानातून तिनं माती आणली, १४ आयसोलेट, म्हणजे मातीतून वेगळे केलेले जिवाणू, काढले. मेहनती पोरगी. सिनॉप्सिसमध्ये लिहिलं, ‘६ आयसोलेट निष्क्रिय’. पाणी साचलेल्या, हवा कोंडलेल्या मातीत इतके निष्क्रिय कसे, म्हणून मी नळ्या मागितल्या. त्या फेकायच्या बास्केटमध्ये, निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्हच्या वाटेवर. काढून बघितल्या तर सहाही नळ्यांत वायू पकडायला उलट्या ठेवलेल्या छोट्या डरहॅम ट्यूब निम्म्याहून जास्त वायूनं भरलेल्या! झिंक टाकलं, रंग नाही. तिच्या सगळ्या गोळाबेरजेत हेच सहा खरे डीनायट्रिफायर, म्हणजे नायट्रेटचा पार वायू करणारे, होते आणि तेच कचऱ्यात निघाले होते. मी फार ओरडलो नाही. एमएस्सीला असताना मीही हेच केलं होतं, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांनी जर्नल चाळत एवढंच विचारलं होतं, "झिंक कुठंय?" तो प्रश्न अजून ऐकू येतो.

झिंक टाकायचं म्हणजे चमच्यानं नाही. जास्त झालं तर ते नायट्राइटलाही अमोनियापर्यंत नेतं, रंग येत नाही, आणि तुम्ही आळशी जिवाणूला डीनायट्रिफायर ठरवून मोकळे. मी आगपेटीच्या काडीच्या टोकावर मावेल एवढंच घेतो. नुसत्या वायूवरही भाळू नका, कारण साखर आंबवणारेही वायू सोडतात. तोच ब्रॉथ, म्हणजे पातळ माध्यम, नायट्रेटशिवाय करून शेजारी लावा. वायू नाही आणि झिंकनंतरही रंग नाही, तर अमोनियासाठी नेसलरचं रिएजंट वापरून बघा. त्यात पारा असतो, सिंकमध्ये ओतू नका. अल्फा नॅफ्थिलअमाइनही विषारी आहे, हातमोजे घाला. आणि सगळं कल्चर एका दमात रिएजंटखाली घालू नका. मी रोज थोडं काढून तपासतो, कारण काही जिवाणूंचं नायट्राइट पहिल्या दिवशी दिसतं आणि दुसऱ्या दिवशी गायब होतं.

दोन नळ्या कंट्रोल म्हणून, तुलनेला, कायम सोबत हव्यात. ई. कोलायची, जी झिंकशिवाय लाल व्हायलाच पाहिजे. आणि काहीही न टोचलेली, जी झिंक टाकल्यावरच लाल व्हायला पाहिजे. ही दुसरी झिंकआधीच गुलाबी झाली तर जिवाणूंना दोष देऊ नका. काच नीट धुतलेली नाही, नाहीतर डिस्टिल्ड वॉटरचा कॅन संशयास्पद आहे. "कंट्रोल लावायला नळ्या कमी पडल्या" हे कारण मी ऐकून घेत नाही. आयसोलेट कमी करा.

दुसरी चूक घाईची. नायट्रिफिकेशन करणारे जिवाणू, म्हणजे अमोनियाचं नायट्राइट करणारा नायट्रोसोमोनास आणि पुढे नायट्रेट करणारे नायट्रोबॅक्टर, नायट्रोस्पायरा. हे ४८ तासांत वाढत नाहीत. पोरांना ई. कोलायची सवय, संध्याकाळी टोचलं की सकाळी गढूळ. इथं तीन-चार आठवडे अंधारात ठेवायची तयारी पाहिजे, आणि तेव्हाही फ्लास्क जवळपास स्वच्छच दिसतो. एकानं दहाव्या दिवशी धीर सोडला आणि फ्लास्कमधला थेंब न्यूट्रिएंट अगारवर, म्हणजे पेप्टोनसारखं सेंद्रिय खाद्य असलेल्या घट्ट माध्यमावर, ओढला. दुसऱ्या दिवशी सुंदर पांढऱ्या कॉलनी. प्रोजेक्टमध्ये लिहिलं, ‘नायट्रोसोमोनास मिळाला’. अरे बाबा, पेप्टोनच्या मेजवानीवर एका रात्रीत फुगणारा तो नायट्रोसोमोनास नसतो, त्याच्यासोबत फुकट जेवणारा पाहुणा असतो. १८९० च्या सुमारास रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राड्स्कींनाही हे जिवाणू जिलेटिनवर वेगळे करता आले नाहीत. सेंद्रिय कार्बन नसलेलं, फक्त क्षारांचं माध्यम वापरलं तेव्हा ते हाती लागले, आणि घट्ट पृष्ठभागासाठी सिलिका जेल घ्यावं लागलं. एवढ्या माणसाला जे जमलं नाही ते आपल्याला दहा दिवसांत जमलं, असं वाटत असेल तर आधी प्लेट तपासा.

याच फ्लास्कमध्ये कॅल्शियम कार्बोनेट टाकायला विसरतात. अमोनियाचं नायट्राइट होताना आम्ल तयार होतं, पीएच घसरतो आणि जिवाणू आपल्याच कामानं थांबतात. आपल्या रानात चुनखडी भरपूर, पीएच बहुधा ८ च्या आसपास, त्यामुळे तिथं त्यांचं निभतं. फ्लास्कमध्ये चुनखडी तुम्हीच द्यायची असते. आणि एप्रिलमध्ये लाईट गेली की इन्क्युबेटरमधलं कल्चर खोलीच्या तापमानावर येतं. आमच्याकडे खोलीचं तापमान म्हणजे काय, ते सांगायला नको.

नायट्रोजन नसलेल्या माध्यमावर वाढलं म्हणजे ते हवेतला नायट्रोजन पकडणारंच, हे खरं नाही. अगारमधल्या अशुद्धीवर आणि हवेतल्या अमोनियावरही बरेच जण निभावून नेतात. शेजारच्या टेबलावर अमोनियाची बाटली उघडी असेल तर विचारूच नका. ॲशबीच्या अशा माध्यमाच्या प्लेटवरची प्रत्येक चिकट कॉलनी नायट्रोजन पकडणाऱ्या ॲझोटोबॅक्टरची नसते.

युरिया ऑटोक्लेव्ह करू नका, उष्णतेनं फुटून अमोनिया होतो. गाळून निर्जंतुक करा. एका बॅचच्या साऱ्या नळ्या, कंट्रोलसकट, टोचायच्या आधीच त्या अमोनियानं गुलाबी झालेल्या मी पाहिल्यात.

एकक लिहा. पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे ४५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे ती नायट्रेटची. नायट्रोजन म्हणून मोजलं तर तीच जेमतेम १० येते. एकानं बोअरच्या पाण्याचं ३८ लिहून शेरा मारला, ‘मर्यादेत, सुरक्षित’. यंत्र नायट्रोजन दाखवत होतं. ४.४३ नं गुणलं तर १६८. त्या बोअरचं पाणी तान्ह्या लेकरांना देत होते, म्हणून त्या दिवशी मात्र मी ओरडलो.

आणि मातीचे नमुने दुचाकीच्या डिकीत आणू नका. बंद पिशवीतली ओली माती मे महिन्याच्या उन्हात दोन तास राहिली की आतले जिवाणू गप्प बसत नाहीत. तुम्ही मोजता ते रानातलं नायट्रेट नसतं, डिकीतलं असतं. बर्फात आणा आणि शक्यतो त्याच दिवशी पोटॅशियम क्लोराइडमध्ये अर्क काढा. "आइसबॉक्स कुठून आणू सर?" हा प्रश्न ठरलेला. परळीकडून येणाऱ्या एका पोरानं दुधाची किटली घेतली, रसवंतीवाल्याकडून दहा रुपयांचा बर्फ भरला आणि एसटीनं पिशव्या गार आणल्या. ते दहा रुपये त्यानं प्रोजेक्टच्या खर्चात लावले होते. मी सही केली.