विमानातील आवर्ती कामांना प्राधान्यक्रम कसा द्यावा

ओझरच्या कारखान्यात जुळणी झालेली सुखोई विमाने नाशिकच्या आकाशात पाहत वाढलेल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना विमानातील सॉफ्टवेअरची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. अशा सॉफ्टवेअरमध्ये उत्तर केवळ बरोबर असून भागत नाही, ते मुदतीतही यावे लागते. आणि एका प्रोसेसरवरील सर्व कामे मुदत पाळतील, हे उड्डाणापूर्वीच गणिताने दाखवावे लागते.

प्रथम प्रत्येक कामाचा आवर्तनकाळ (म्हणजे ते किती वेळाने पुन्हा येते) आणि त्याला लागू शकणारा जास्तीत जास्त वेळ लिहून काढावा. सरासरी वेळेवर विसंबू नये, कारण मुदत चुकते ती सर्वांत वाईट क्षणी. समजा, संवेदक वाचण्यास दर २० मिलिसेकंदांनी ५, नियंत्रणाच्या गणितास दर ४० ला १० आणि पडदा रंगवण्यास दर १०० ला ३० मिलिसेकंद लागतात. ज्याचे आवर्तन लहान, त्याला वरचे प्राधान्य द्यावे.

प्रोसेसरचा एकूण वापर येथे ८० टक्के होतो. वापर किती टक्क्यांच्या आत असला की सर्व कामे नक्की मुदत पाळतात, याची लिऊ आणि लेलँड या संशोधकांनी १९७३ मध्ये मांडलेली मर्यादा तीन कामांसाठी सुमारे ७८ टक्के आहे. पण ती ओलांडली म्हणून आराखडा टाकून देण्याची घाई करू नये, कारण त्या मर्यादेच्या आत राहणे पुरेसे असते, आवश्यक नसते. अशा वेळी प्रतिसादकाळ, म्हणजे कामाची पाळी आल्यापासून ते पूर्ण होईपर्यंतचा जास्तीत जास्त काळ, काढावा. पडद्याच्या ३० मिलिसेकंदांत वरच्या कामांनी मध्ये घेतलेला वेळ मिळवला की ५० येतात. त्या ५० मध्ये ती कामे पुन्हा किती वेळा येतात हे मोजले की ६५, मग ७०, आणि पुढे आकडा ७० वरच स्थिरावतो. पुढचे आवर्तन येईपर्यंतची मुदत १०० ची असल्याने हे काम वेळेत होते. हा हिशेब एकदा तरी हाताने करावा, असा माझा आग्रह आहे.

सामायिक माहितीला एका वेळी एकच काम हात लावेल असे कुलूप लावत असाल, तर खालच्या कामामुळे वरच्याला थांबावे लागणारा वेळही प्रतिसादकाळात धरावा आणि प्राधान्य-मर्यादेची पद्धत (कुलूप धरलेल्या कामाला, ते कुलूप वापरणाऱ्या सर्वांत वरच्या कामाइतके प्राधान्य तात्पुरते देणे) वापरावी.

प्रत्यक्ष कोड लिहिताना ‘काम संपल्यावर २० मिलिसेकंद थांब’ असे कधीही लिहू नये, ‘पुढच्या ठरलेल्या क्षणापर्यंत थांब’ असेच लिहावे. अन्यथा कामाचे ५ मिलिसेकंद प्रत्येक फेरीत वाढून सेकंदाला ५० ऐवजी ४० वेळाच संवेदक वाचला जाईल.