पहिला फ्रेटलेस बेस घेताय? आधी नेक बघा

फ्रेटलेस बेस म्हणजे नेकवर, म्हणजे गिटारच्या दांडीवर, फ्रेट (धातूच्या आडव्या पट्ट्या) नसलेली बेस गिटार. सोलापुरात दुकानात टांगलेला फ्रेटलेस मला तरी आजवर दिसलेला नाही. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो, त्यामुळे नवी पोरं विचारतात, "अण्णा, कमी पैशात कुठला घेऊ?" कंपनीचं नाव मी शेवटी सांगतो. फ्रेट नसले की तार थेट लाकडावर टेकते, म्हणजे लाकूडच तुमचा फ्रेट. पिकअप (तारेचा आवाज उचलणारा भाग) पुढे बदलता येतं, रंग उडाला तर उडाला. नेक पिळलेला निघाला तर मात्र वाद्य शोभेला भिंतीवर.

म्हणून बॉडीच्या बाजूने, एक डोळा मिटून, नेकवरून हेडकडे बघा. आमचे वडील पॉवरलूमवर होते, नवा धोटा घेताना असाच उजेडाकडे धरायचे. दोन्ही कडा समांतर पळाल्या पाहिजेत. एक वर, एक खाली दिसली की पीळ. दुकानदार "सेटिंग करून देतो की" म्हणेल, तरी ठेवून द्या. पीळ ट्रस रॉडने, म्हणजे नेकच्या आतल्या बाक काढायच्या सळईने, जात नाही. नुसता बाक असेल तर जातो. जाड तार पहिल्या फ्रेटच्या जागी आणि पार शेवटी, अशी दोन्हीकडे दाबा. मधे, सातव्या-आठव्याजवळ, तारेखाली व्हिजिटिंग कार्ड जेमतेम शिरावं, त्याहून कमी असेल तरी चालेल. दुकानदाराला विचारून ॲलन कीने रॉडचा नट किंचित फिरवून बघा. जाम असेल तर तो बेस नको.

मग एक बोट प्रत्येक तारेवर सावकाश घासत वर न्या. मींड सलग आली पाहिजे. मधेच खरखरली किंवा आवाज मेला, तर तिथे बोर्डावर (नेकच्या वरच्या लाकडी पट्टीवर) खड्डा किंवा उंचवटा आहे.

फ्रेटच्या जागी बोर्डावर रेषा असलेलाच घ्या. रेषा म्हणजे कुबड्या, असं म्हणणारे भेटतील, म्हणू द्या. 34 इंची स्केलवर (स्केल म्हणजे तारेची वाजती लांबी) नटपासून, म्हणजे हेडजवळ तारा टेकतात त्या पट्टीपासून, पहिला सूर सुमारे 1.9 इंचांवर असतो आणि बारावा बरोबर 17 वर. खाली बोटं फाकवायची, वर जवळजवळ चिकटवायची, आणि स्टेजवर लाल-हिरवे लाइट डोळ्यांत. बोट मात्र रेषेच्या मागे नाही, रेषेवरच ठेवायचं. फ्रेटवाल्या बेसची सवय इथेच आडवी येते.

माझा पहिला फ्रेटलेस मी विकत घेतला नाही, बनवला. नऊ हजारांत जुना, सरळ नेकचा साधा बेस मिळाला. सोल्डरिंग गनने एकेक फ्रेट तापवून पक्कडीने उपटले. घाईत दोन ठिकाणी लाकडाचे टवके निघाले. गल्लीतल्या सुतारकाकांनी फिक्कट व्हिनियरच्या पट्ट्या खाचांत बसवून दिल्या, त्यामुळे रेषा आयत्याच मिळाल्या. फ्रेटची उंची गेली म्हणून ब्रिज आणि नट दोन्हीकडे तारा खाली घ्याव्या लागल्या. पण नेकच्या कडेचे ठिपके मी विसरलो. फ्रेटवाल्या बेसवर ते दोन फ्रेटच्या मधे असतात. पहिल्याच सुपारीला अंधारात ठिपक्यावर बोट ठेवत गेलो आणि प्रत्येक सूर उतरलेला. कीबोर्डवाला वळून म्हणाला, "का बे, तार उतरली काय?" दुसऱ्या दिवशी जुन्या ठिपक्यांवर काळा रंग मारला आणि पांढऱ्या रंगाने नवे ठिपके रेषेच्या टोकाला दिले. तयार फ्रेटलेस घेतलात तरी ठिपके नक्की कुठे आहेत ते दुकानातच तपासा. बाराव्या जागी हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून निघणारा सूर) वाजवा, मग तिथेच तार दाबून वाजवा. सूर जुळला की तुमची जागा कळली.

तारा फ्लॅटवाउंड, म्हणजे वरून गुळगुळीत, घाला. महाग आहेत, पण राउंडवाउंड, म्हणजे खरखरीत तार, बोर्डाच्या रोझवूडला कानशीसारखी घासते. फ्रेटलेसचा नावाजलेला अमेरिकन वादक जॅको पास्टोरियस राउंडवाउंडच वाजवायचा, पण त्याने बोर्डावर बोटीला लावतात ते इपॉक्सी चढवलं होतं. आपल्याकडे तो खर्च पहिल्या वाद्यावर कशाला?

आता कंपनी. नवाच घ्यायचा तर स्क्वायरचा फ्रेटलेस जॅझ बेस मिळतो का बघा. दोन पिकअप असल्यामुळे ब्रिजकडचं एकटं ठेवलं की फ्रेटलेसचा तो गुरगुरणारा आवाज मिळतो. पण ऑनलाइन मागवू नका. मी एकदा मागवला, नेक पिळलेला आला आणि परत करण्यात महिना गेला. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरून पुण्याला जा, संध्याकाळच्या गाडीने परत. फोनवर तानपुरा ॲप असू द्या. सा 'ए'ला लावा, जाड तारेवर पाचव्या जागी तो सा धरून ठेवा. दुकानात बाकीचे गिटार बडवत असतील, तरी बोट किंचित हललं की तानपुऱ्याशी सूर लाटा मारताना कानाला कळतं.

घरी आणल्यावर पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. मेमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी होते, नेक सरळ होत जातो आणि तारा बोर्डाला घासायला लागतात. तेव्हा रॉड पाव फेरा सैल करा, रात्रभर तसाच ठेवा आणि सकाळी परत बघा.