ट्रम्पेटवर स्कॉटिश सोलो वाजवताय? मग या चुका टाळा

ट्रम्पेट आणि पियानोसाठीचे स्कॉटिश ढंगाचे पीस कागदावर बघितले की एकदम सोपे वाटतात, नोट्स कमी, रेंज मधलीच, आणि मग आपण दोन दिवसांत बसवून टाकतो आणि वाजवल्यावर त्यात स्कॉटलंड कुठेच ऐकू येत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो स्कॉच स्नॅपमध्ये, म्हणजे स्कॉटिश संगीतातल्या छोटी-लांब नोटच्या झटक्यात. एका बीटचे चार भाग करा, पहिल्या भागात छोटी नोट, उरलेल्या तीन भागांत लांब. आपल्याकडचं लघु-गुरु म्हणा, 'मला', 'तुला', 'घरी' असं. पण बोलताना गुरू लघूच्या दुप्पट असतो आणि इथे तिप्पट हवा, तेवढ्यानेच सगळं बिघडतं, कारण दुप्पट धरला की ते ६/८ मधल्या जिग नाचासारखं डुलायला लागतं आणि स्ट्रॅथस्पेचा (याच झटक्यावर चालणारा स्कॉटिश नाच) तो करकरीत झटका गायब होतो. दुसरी गोष्ट, छोटी नोट बीटवर पडते. माझ्याकडे शिकणारा एक मुलगा ती पिकअपसारखी बीटच्या आधीच उरकून लांब नोटवर जोर द्यायचा, आठवडाभर मला कळेना की नक्की काय खटकतंय. शेवटी ट्रम्पेट बाजूला ठेवायला लावला, मेट्रोनोम ६० वर, बीटला चार टिकटिक, आणि नुसतं तोंडाने 'त-दाऽऽ, त-दाऽऽ', 'त' पहिल्या टिकवर, 'दा' दुसऱ्यावर. दहा मिनिटांत बसलं. हा झटका मुळात फिडलचा, म्हणजे लोकसंगीतातल्या व्हायोलिनचा आहे, पर्थशायरच्या नील गाऊसारख्या (१७२७–१८०७) वादकांनी तो बोने (गजाने) मारला, आपल्याला तो जिभेने मारायचाय, म्हणून छोट्या नोटची जीभ, म्हणजे जिभेने केलेली सुरुवात, स्पष्ट पाहिजे.

आणि हो, रील म्हणजे जलद स्कॉटिश नाच, त्यात हे करू नका, तिथे नोट्स सरळ धावतात.

बॅगपाईपची नक्कल असलेल्या पीसमध्ये ग्रेस नोट्सचा (मुख्य सुराआधीच्या निमिषभराच्या नोट्स) ढीग असतो. पाईपवर हवा थांबवता येत नाही, एकच सूर दोनदा वाजवायचा तर मधे बोटाने तोडावाच लागतो, त्यातून या ग्रेस नोट्स आल्या. आपल्याकडे जीभ आहे, त्यामुळे इथे त्या रंगापुरत्याच. आधी सगळ्या काढून टाका, चाल ठेक्यात बसवा, मग एकेक परत आणा, आणि ग्रेस नोटला जीभ लावू नका, स्लर करा, म्हणजे पुढच्या सुराला जोडून वाजवा. एखादीमुळे ठेका अडखळत असेल तर ती बिनधास्त सोडा.

आता सुराचं. हायलँड पाईपचा, म्हणजे स्कॉटिश बॅगपाईपचा, मुख्य सूर साधारण बी फ्लॅटच्या आसपास वाजतो, म्हणजे आपल्या बी फ्लॅट ट्रम्पेटवर तो लिहिलेला सी, आणि सप्तक जवळपास आपल्या खमाज थाटाचं, सातवा सूर कोमल. सवयीने हात शुद्ध बी कडे जातो, तो जाऊ देऊ नका. खालच्या सी च्या लगेच वरचा डी, पहिला-तिसरा व्हॉल्व्ह, कायम चढा लागतो, पियानोच्या ड्रोनवर (खाली अखंड चालणारा सूर) तर लगेच टोचतो, तिसऱ्या व्हॉल्व्हची स्लाइड (सरकणारी नळी) थोडी बाहेर काढायलाच हवी. पाईपवाल्यांचे सूर पियानोच्या सुरांशी तंतोतंत जुळत नाहीत, पण तुमच्याबरोबर पियानो आहे, तेव्हा त्याच्याशीच मिळवा.

पियानोवाल्याशी आधी बोला, प्लीज. तुमचा पार्ट त्याला देऊन तोच वाजवायला सांगितला तर तो एक पूर्ण टोन वर वाजवणार (आपला लिहिलेला सी म्हणजे पियानोचा बी फ्लॅट), ही चूक रिहर्सलला दर वेळी कोणीतरी करतंच. आणि ड्रोन. पाईपला ३ ड्रोन असतात, दोन टेनर आणि एक बास, सगळे एकाच सुराचे, तानपुऱ्याच्या षड्जासारखे अखंड. पियानोचा आवाज मात्र विरत जातो, म्हणून बरेच जण पेडल दाबूनच बसतात आणि वरच्या सगळ्या सुरांचा चिखल होतो. त्यापेक्षा बारच्या सुरुवातीला ड्रोन हलक्या हाताने परत वाजवावा आणि पेडल तिथेच बदलावं.

स्लो एअरमध्ये, म्हणजे संथ चालीत, श्वास लांब नोट संपल्यावर घ्या. स्नॅपच्या मधे कधीच नाही, तिथे श्वास घेतला की 'त' एकीकडे आणि 'दा' दुसरीकडे. पेन्सिलने आधीच खुणा करून ठेवा, स्टेजवर आठवत नाही.