गावात गोळी झाडली तर: नव्या पोलीस पाटलांसाठी

चोपडा तालुक्यात एकोणीस वर्षं पोलीस पाटील आहे. सीमेपलीकडे बडवानी जिल्ह्यातलं उमर्टी. तिथल्या गावठी कट्ट्यांचं नाव पार पुण्यापर्यंत गेलंय, त्यामुळे हा विषय आम्हाला चुकत नाही.

बार ऐकला की आधी घड्याळ बघा, वेळ हातावर लिहून ठेवा. कोणी जखमी असेल तर १०८, लगेच ११२. पंचनामा पोलीस करतील. तोवर जागा राखणं आपलं काम.

माझी चूक सांगतो. एका वरातीत पोराने हवेत गोळी झाडली. मी पुंगळी, म्हणजे झाडलेल्या गोळीचं रिकामं कवच, उचलली, रुमालात बांधली आणि ऐटीत ठाण्यात नेऊन दिली. साहेबांनी कपाळाला हात लावला. पुंगळीच्या बुडाला फायरिंग पिनची खूण असते, तिच्यावरून हत्यार जुळवतात. पण ती नेमकी कुठे पडली होती, याला माझ्या शब्दाशिवाय पुरावा उरला नाही, आणि बोटांचे ठसे असलेच तर रुमालाने पुसले. आता मी पुंगळी जागेवरच ठेवून वर घमेलं पालथं घालतो आणि शेजारी माणूस बसवतो. पाऊस राहू द्या, आमच्याकडे कोंबड्याच उकरतात! पुंगळी सापडलीच नाही, तरी गोळी झाडली नाही असं समजू नका. मॅगझिनवालं पिस्तूल ती बाहेर फेकतं, एकनळी कट्ट्यात ती आतच राहते.

जखमीचे कपडे घरच्यांना धुऊ देऊ नका. व्हिडिओ ज्याने काढला त्याचाच मोबाइल पोलिसांना दाखवा. फॉरवर्ड झालेला कामाचा नाही.

वरातीचं मी पत्रिका येते तेव्हाच बोलून घेतो. चहा पाजतो आणि सांगतो: परवाना असला तरी लोकांच्या जिवाला धोका होईल असा बार काढला, तर शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नवरदेवाच्या बापाला कैदेपेक्षा लाखाचा आकडा जास्त लागतो.

घरात कट्टा आलाय हे बहुतेकदा आईला आधी कळतं. ती ठाण्यात जात नाही. चक्कीवर दळण टाकताना माझ्या बायकोच्या कानात सांगते. अशा वेळी स्वतः झडती घ्यायची नाही. ‘नदीत टाकून दे’ असंही सांगायचं नाही. पीआय साहेबांना समक्ष भेटायचं, आणि त्या माउलीचं नाव गावात कुठेच येऊ द्यायचं नाही. पोलीस येतील त्या दिवशी तिच्या गल्लीत फिरकू नका. बायकोला मात्र नेहमीच्या वेळेला दळण घेऊन पाठवा.