हालचालीतून स्वतःकडे पाहताना समुपदेशकांनी या चुका टाळा

संध्याकाळी शेवटचा क्लायंट गेला, की मी दार लावते, टेबल भिंतीला सरकवते आणि दहा मिनिटं शरीर हलेल तसं हलू देते. दिवसभराच्या बोलण्यातलं काय अंगात राहिलं, ते अशाने कळतं. सुरुवातीला यातल्या बहुतेक चुका मी केल्या.

पहिली म्हणजे याचा व्यायाम केला. बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात मोबाइलवर पावलं मोजत भराभर चालायचे. घाम यायचा, बरं वाटायचं. पण दिवसभरातल्या कुठल्या बोलण्यावर मान आखडली, ते कळायचंच नाही. चाला, पण सावकाश. श्वास कुठे अडतो तिकडे लक्ष असू दे.

त्याहून वाईट खोड म्हणजे अर्थ लावायची घाई. बेळगावात क्लायंट मराठीत सुरुवात करतो आणि दुखऱ्या जागी कन्नडवर जातो, किंवा उलट. मी मान डोलावायचे. संध्याकाळी मात्र उजवा हात उगाच पोटाशी जायचा. वहीत लिहिलं, 'भीती', आणि आठवडाभर त्या शब्दामागे धावले. एके दिवशी हात तिथेच ठेवून नुसती थांबले. तेव्हा लक्षात आलं, कन्नड वाक्य अर्धंच कळलं होतं; विचारायची लाज वाटली म्हणून मी ते पोटात ठेवलं होतं. आता तिथल्या तिथे विचारते, 'म्हणजे कसं हो?' वहीतही आधी हालचाल लिहा: कुठे, किती जोराने, किती वेळ. नाव मागाहून.

जोडीने करणाऱ्यांची चूक वेगळी. अमेरिकेत १९५०च्या दशकात नृत्योपचारक मेरी व्हाइटहाउस यांनी रुजवलेल्या पद्धतीतून पुढे हा प्रकार आला: एक जण डोळे मिटून आतून येईल तसा हलतो, दुसरा साक्षी बसतो. साक्षीने शेरे मारायचे नाहीत. 'तू चिडली होतीस' नको. 'तुझी मूठ आवळलेली दिसली आणि माझा श्वास अडकला' एवढं पुरे. साक्षीला क्लायंटची हकीकतही सांगू नका. 'शहापूरची, नवरा मराठा लाइट इन्फंट्रीत' एवढ्यावर इथे माणूस ओळखू येतो.

चक्कर आली, धडधडलं, तर डोळे उघडा, तळवे भिंतीला टेका आणि त्या दिवशी थांबा. वरचेवर होत असेल तर सुपरव्हायझरशी, म्हणजे आपल्या कामावर नजर ठेवणाऱ्या अनुभवी समुपदेशकाशी, बोला. हालचाल केली म्हणून सुपरव्हिजन टाळता येत नाही.

आणि काहीच हललं नाही तर? उभे राहा. जुलैच्या पावसात लाईट गेली, की माझं बहुतेक असंच होतं.